पाण्यात सोडा

२ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा नकार. या वेळी तो समोरासमोरच मिळाला, पत्राची वाट पाहण्याचा त्रास वाचला. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "घाबरू नका, आम्ही माणसं खात नाही." मग त्यांनी माझी गुणपत्रिका पाहिली, माझ्याकडे पाहिले, पुन्हा गुणपत्रिका पाहिली. ती माझीच आहे यावर त्यांचा विश्वास बसत नसावा.

मराठी शाळेत सलग पहिली. महाविद्यालयात भौतिकशास्त्रात पहिली. प्रश्न कागदावर दिले असते तर पुरवण्या मागून उत्तरे लिहिली असती. पण प्रश्न तोंडी होता – "स्वतःबद्दल थोडं सांगा." त्यात विचारण्यासारखे नेमके काय आहे, हेच मला शेवटपर्यंत कळले नाही.

घरी आले तर वहिनीने दार उघडले, माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता चहाचे आधण वाढवले. अशा माणसांच्या आधारावर जग चालते.

४ फेब्रुवारी, बुधवार

एक जाहिरात सापडली. "तांत्रिक लेखक पाहिजेत. घरगुती वैद्यकीय यंत्रांच्या माहितीपुस्तिका सोप्या मराठीत लिहिण्यासाठी. विज्ञान पदवी आवश्यक. अनुभव नसला तरी चालेल."

असे काम असते! खोक्यातून यंत्र निघते, यंत्राखालून घडीची पुस्तिका निघते; ती कोणीतरी बसून लिहिलेली असते हे माझ्या कधी मनातच आले नव्हते. आणि ते लिहिणाऱ्याचा आवाज कोणालाही ऐकावा लागत नाही. मला आणखी काय हवे?

जेवताना सांगितले. आईचा घास हातातच राहिला.

"तांत्रिक? म्हणजे ते भूतबाधा उतरवणारे?"

"तेच," दादा म्हणाला. "आता हिला कोणी नोकरी नाकारून दाखवावी. मूठ मारेल ही."

"मग आधी तुमच्या घोरण्याचं बघायला सांगा तिला," वहिनी म्हणाली. "शेजारच्यांची बाधा तरी उतरेल."

हसणे ओसरल्यावर दादा जरा खाकरला. त्याच्या साहेबांच्या कार्यालयात आवक-जावक विभागात एक जागा रिकामी होणार आहे. त्याने माझ्यासाठी शब्द टाकला आहे. "या महिनाअखेरपर्यंत तुझं काय ते बघ. नाही जमलं तर दोन मार्चला माझ्याबरोबर चल. कोपऱ्यातलं टेबल आहे. दिवसभर कोणी बोलायला येत नाही. तुझ्यासाठीच केलीये जागा, शास्त्रीबुवा."

तो मनापासून म्हणाला. म्हणूनच मला धस्स झाले. त्या कोपऱ्यात मी सुखाने बसेन आणि निवृत्त होईन, हे मला स्पष्ट दिसले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अर्ज पाठवला. चार वेळा शुद्धलेखन तपासले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

उत्तर आले. मुलाखत नाही. त्याऐवजी – "घरातली कोणतीही एक वस्तू निवडा. ती कधीच न पाहिलेल्या माणसाला वापरता येईल अशी कृती एका पानात लिहा. सोमवारी घेऊन या."

मी आमचे मुख्य दार निवडले. त्याचे कुलूप घरच्यांशिवाय कोणालाही उघडत नाही. आल्यागेल्याला आम्ही आतून ओरडून सूचना देतो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पान तयार झाले. नमुन्यादाखल – "प्रथम दाराची मूठ धरून दार स्वतःकडे ओढण्यात यावे. तदनंतर किल्ली कुलपात घालून उजवीकडे अर्धवर्तुळाकृती फिरवण्यात यावी." वाचून मलाच समाधान वाटले. बोर्डाच्या परीक्षेत याला पैकीच्या पैकी.

संध्याकाळी प्रयोग. दादाला बाहेर उभे केले, हातात किल्ली आणि पान दिले, आतून दार लावून घेतले. अट एकच – आयुष्यभर जे हाताला ठाऊक आहे ते विसरायचे, फक्त पानात लिहिले आहे तेवढेच करायचे.

बराच वेळ नुसती खुडबुड.

"उजवीकडे म्हणजे कोणाच्या?" दादाचा आवाज. "माझ्या की दाराच्या?"

"दाराला उजवं-डावं असतं का हो?" वहिनी आतून.

"आणि 'अर्धवर्तुळाकृती' कशाला? कंपास आणू का?"

वहिनीला इतके हसू आले की ती जमिनीवरच बसली. आई म्हणाली, "घ्या रे त्याला आत, पोर दमून आलंय." पण आता आतूनही दार उघडेना. दादाने किल्ली बाहेरून अर्धी फिरवून ठेवली होती. शेवटी शेजारच्या काकांनी त्यांच्या गच्चीतून आमच्या गच्चीत दादाला उतरवून दिले. दादा आत आला तो पान हातात घेऊनच.

"यात एकच गोष्ट लिहायची राहिली," तो म्हणाला. "गच्ची."

पान फाडले. नव्याने लिहिले. "दाराकडे तोंड करून उभे राहा. डाव्या हाताने दार स्वतःकडे ओढून धरा. सोडू नका." लिहिताना लाज वाटत होती. चौथीतल्या मुलाने लिहावे तसे दिसते. पण दादा एका दमात आत आला आणि काही बोलला नाही. तो काही बोलत नाही तेव्हा जमलेले असते.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, खाली त्यांचेच जुळणीचे दालन. जिन्यात प्लॅस्टिकचा नवा कोरा वास. हे लोक श्वासाच्या रुग्णांसाठी घरी वापरायचे छोटे यंत्र करतात. वाटीत औषध घालायचे, मास्क तोंडाला लावायचा, यंत्र औषधाची बारीक फवार करून देते. ती श्वासाबरोबर आत जाते.

माझ्याबरोबर आणखी एक उमेदवार. पाच मिनिटांत त्याने मला त्याचे शिक्षण, त्याचा कुत्रा, त्याच्या कुत्र्याचे शिक्षण, सगळे सांगितले. वाईट नाही. याच्या शेजारी बसले की आपल्यावर बोलण्याची जबाबदारीच राहत नाही.

मुख्य लेखिका म्हणजे पन्नाशीच्या बाई. चष्मा डोक्यावर, लाल पेन कानावर. कार्यालयात त्यांना पाठीमागे 'कात्री' म्हणतात असे या गप्पिष्टाने जिन्यातच कळवले होते. त्यांनी माझे दाराचे पान वाचले आणि विचारले, "हे असंच सुचलं?"

मी मान हलवून नाही म्हटले. पिशवीत पहिला खर्डा होता. फाडला होता, पण टाकला नव्हता. काय वाटले कोण जाणे, तुकडे टेबलावर ठेवले. त्यांनी ते जुळवून वाचले.

"'ओढण्यात यावे'. कोणी?"

त्यांनी दुसरा तुकडा पुढे ओढला.

"'फिरवण्यात यावी'. कोणी? दार बंद, बाहेर एक माणूस, आणि तुझं वाक्य म्हणतंय की कोणीतरी, कधीतरी, कृपा करून फिरवावी." त्यांनी 'यावे', 'यावी' सगळे लाल केले. "आपण वाचणाऱ्याला सरळ सांगायचं. करा. धरा. फिरवा. इथे 'करावे' चालत नाही."

रागावून नव्हत्या बोलत. मला वाटते मी आवडले. किंवा तुकडे आवडले.

दोघांनाही आठवडाभराची उमेदवारी मिळाली. नव्या यंत्राची पुस्तिका लिहायची – त्याच्याकडे जुळणीचा भाग, माझ्याकडे वापर आणि स्वच्छता.

१८ फेब्रुवारी, बुधवार

फवारीला काय म्हणावे यावर माझी सकाळ गेली. वाफ म्हणणे चूक, कारण ती गरम नसते. मी 'तुषार' लिहिले.

"तुषार नावाचे माझे दोन भाचे आहेत," कात्रीबाई म्हणाल्या. "एकही मास्कमधून येत नाही. लोक काय म्हणतात?"

"वाफ," मी म्हणाले. दिवसभरातला माझा एकमेव शब्द.

"मग वाफ. आणि खाली एक ओळ टाक – ही वाफ गरम नसते."

किती सोपे होते. शब्दाशी भांडायचे नाही, त्याच्या शेजारी एक वाक्य बसवायचे.

माझ्या स्वच्छतेच्या पानात मी सवयीने लिहून गेले होते – "मास्क व वाटी कोमट पाण्यात सोडावेत व दहा मिनिटे ठेवावेत." त्यांनी 'वेत' 'वेत' उडवले. उरले – "मास्क व वाटी कोमट पाण्यात सोडा व दहा मिनिटे ठेवा." आटोपशीर. मी वहीत नियम उतरवून घेतला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज पानांची परीक्षा झाली. इथली पद्धत अशी – यंत्र कधी न हाताळलेला माणूस आणायचा, त्याच्यापुढे यंत्र आणि पाने ठेवायची, आणि ज्याने लिहिले त्याने भिंतीशी बसून फक्त पाहायचे. बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत, मानसुद्धा हलवायची नाही. लेखक काही प्रत्येकाच्या घरी जाऊन शेजारी बसणार नाही, म्हणून.

हिशेबनीस बाईंचे सासरे आले होते. निवृत्त मुख्याध्यापक. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. कात्रीबाई म्हणाल्या, "परीक्षा तुमची नाही हं, पानाची आहे."

"हरकत नाही," ते म्हणाले. "आम्ही दोन्ही बाजूंनी बसलोय परीक्षेला."

आधी गप्पिष्टाचा भाग. सासरेबुवांनी नळी चुकीच्या टोकाला धरली मात्र, हा उठलाच. "आजोबा, ते नाही, ते निळं!" कात्रीबाईंनी डोळे मिटून घेतले. नंतर पुन्हा – "दाबा ना जोरात, नाही तुटत." नळी बसली. पान नापास.

मग माझा भाग. वाटी भरली, मास्क लावला, वाफ आली. सासरेबुवांनी मोठ्याने वाचून, प्रत्येक विरामावर थांबून, सगळे अगदी नीट केले. माझा जीव भांड्यात पडला. आता फक्त स्वच्छता. समोर कोमट पाण्याचे पातेले ठेवलेले.

"'मास्क व वाटी,'" त्यांनी वाचले. "'कोमट पाण्यात सोडा.'" थांबले. टेबलावर पाहिले, टेबलाखाली वाकून पाहिले. मग दाराकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई, सोडा कुठाय?"

बाहेरून आवाज, "कसला सोडा, बाबा?"

"तेच तर यांनी लिहिलं नाही." त्यांनी पुन्हा पान पाहिले, चष्मा सारखा केला. "खायचा की धुण्याचा? आणि किती? कृती आहे ना ही, प्रमाण नको द्यायला?"

गप्पिष्टाच्या तोंडून "आजोबा, सोडा म्हणजे –" एवढे निघाले आणि बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी हललेसुद्धा नाही. कान तापले होते. इतकी वर्षे मराठी वाचले, लिहिले, पहिली आले, आणि या तीन शब्दांत बेकरीतला सोडा पडला आहे हे मला दिसले नव्हते!

सासरेबुवांनी शेवटी स्वतःच निर्णय घेतला. "धुण्याचाच असणार. एक चमचा धरू."

ते गेल्यावर बाई पोट धरून हसल्या. "'बुडवून ठेवा' कर. प्रश्न मिटला." मग मला म्हणाल्या, "छान गप्प बसलीस. हे भल्याभल्यांना जमत नाही."

गप्प बसण्याबद्दल कोणी कौतुक करण्याची ही पहिलीच वेळ. रात्री जेवताना सांगितले तर दादा म्हणाला, "बावीस वर्षांचा रियाज आहे तो."

पण मुख्य गोष्ट अजून लिहिलीच नाही. निघताना जिन्याशेजारी हेल्पलाइनच्या ताईचे टेबल लागते. ती फोनवर होती. "नाही काकू, सोडा नाही घालायचा. नाही, खायचाही नाही. नुसतं पाणी."

मी थबकले. नवे यंत्र अजून बाजारात गेलेले नाही. माझे पान कार्यालयाबाहेर गेलेले नाही. मग काकूंना सोडा कुठून मिळाला?

विचारायला हवे होते. शब्द येईनात. चिठ्ठीवर लिहिले – "सोड्याबद्दल असे फोन नेहमी येतात का?" – आणि तिच्यापुढे सरकवली.

तिने चिठ्ठी वाचली, मला आपादमस्तक न्याहाळले. "बोलता येत नाही का गं तुला?"

"येतं."

"मग बोल की. मी काय पोस्टाची पेटी आहे?" आणि मग स्वतःच सुरू झाली. "रोजचं आहे ते. काही धुवायचं म्हटलं की लोकांना सोडा आठवतोच. मी तर फोन उचलल्या उचलल्या सांगते, सोडा नको. खाली दुरुस्तीला वाट्या येतात ना, वाफ येत नाही म्हणून, त्यांची छिद्रंसुद्धा पांढऱ्या खड्यांनी बुजलेली असतात. लोक ऐकतच नाहीत, काय करणार?"

तिच्या मागे फडताळात सध्याच्या यंत्राची पुस्तिका होती. स्वच्छतेचे पान उघडले. "वापरानंतर सर्व भाग कोमट पाण्यात सोडा."

"कोणी लिहिली ही?" हे मात्र मी तोंडाने विचारले.

"कोणी म्हणजे? मॅडमनी. आठ वर्षं हीच चाललीये. पारितोषिक मिळालंय तिला."

२१ फेब्रुवारी, शनिवार

लोक ऐकतात. अगदी लिहिल्याप्रमाणे ऐकतात.

दिवसभर हेच डोक्यात. ज्यांना धाप लागते अशी माणसे, पुस्तिकेवर विश्वास ठेवून, चमचा मोजून सोडा घालतात, आणि मग ऐन वेळी वाफ येत नाही.

सोमवारी मला परीक्षेचा अहवाल द्यायचा आहे. 'चूक, कारण, दुरुस्ती.' चूक – सोडा. दुरुस्ती – बुडवून ठेवा. कारणाच्या रकान्यात 'शब्दाचा दुहेरी अर्थ' एवढे लिहिले तर कोणाचे काही बिघडत नाही. मला नोकरी मिळते. बाईंचे पारितोषिक भिंतीवर राहते. काकू सोडा घालत राहतात.

नवी पुस्तिका फक्त नव्या यंत्राबरोबर जाणार. जुनी यंत्रे अजून विकली जात आहेत.

वहिनीला सांगितले. ती भाकरी थापत होती, हात थांबले नाहीत. "ज्या बाईने तुला आत घ्यायचं, तिलाच सांगायचं की तुमचं आठ वर्षांचं वाक्य चुकलंय?"

"हो."

"तोंडाने?"

"अहवालात."

"मग बरं आहे," ती म्हणाली. "तोंडाने असतं तर त्यालाही आठ वर्षं लागली असती."

२३ फेब्रुवारी, सोमवार

लिहिले. बाईंच्या समोर बसून त्यांना वाचताना पाहिले. पहिला परिच्छेद, दुसरा. तिसऱ्यावर लाल पेन कानावरून खाली आले.

"'सध्या वितरणात असलेल्या पुस्तिकेतही सदर वाक्यरचना आढळून आली असून, त्यामुळे सोड्याचा वापर होऊन वाट्या निकामी होत असल्याचे निदर्शनास आले आहे.'" त्यांनी संपूर्ण वाक्य मोठ्याने वाचले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "कोणाच्या?"

त्यांनी 'निदर्शनास'खाली लाल रेघ ओढली.

"निदर्शनास आलं. कोणाच्या निदर्शनास आलं?"

कळून-सवरून मी पुन्हा तेच केले होते. त्या एका वाक्यात एकही माणूस नव्हता. ज्यांनी पुस्तिका लिहिली त्या नाहीत, सोडा घालणारे नाहीत, पाहणारी मी नाही. सगळे आपोआप घडले, आपोआप आढळून आले. शाळेत मी हेच तर इतके छान शिकले होते – काहीही म्हणायचे आणि तिथे हजर नसायचे.

"माझ्या," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवले.

"मी हेल्पलाइनवर ऐकलं. मग पुस्तिका पाहिली. आज सकाळी खाली जाऊन वाट्याही पाहिल्या. वाक्य तुमचं आहे. पान सहा." आणि मग, बोललेच आहे तर – "माझंसुद्धा तेच झालं. आधी मी 'सोडावेत' लिहिलं होतं. 'वेत' गेल्यावर सोडा झाला. मला दिसलं नाही."

एवढे सलग मी घराबाहेर कधी बोलले असेन असे वाटत नाही. शेवटी शेवटी आवाज मांजराच्या पिल्लासारखा झाला होता.

बाईंनी अहवाल बंद केला. "ठीक आहे. जा तू," एवढेच म्हणाल्या. 'उद्या ये' म्हणाल्या नाहीत.

जिन्यात गप्पिष्ट भेटला. त्याला व्हिडिओ विभागात घेतले. कॅमेऱ्यापुढे उभे राहून यंत्र कसे वापरायचे ते सांगायचे. शोभते त्याला, आणि तिथे 'ते निळं' म्हणायला मोकळीक आहे. लेखकाच्या जागेचे काय, त्याला माहीत नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

फोन नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

फोन आला. दूधवाल्याचा.

पस्तावले आहे का? सकाळपासून स्वतःला विचारते आहे. नाही. पण 'सदर', 'निदर्शनास' आणि 'आढळून' या तीन शब्दांची मला आता शिसारी येते. ही मोठीच हानी आहे, कारण आवक-जावक विभागात दुसरे कुठलेच शब्द नसतात.

२८ फेब्रुवारी, शनिवार

महिना संपला. दादा दाराशी उभा राहून म्हणाला, "सोमवारी सव्वानऊला निघू. पहिल्या दिवशी लवकर गेलेलं बरं." मी हो म्हटले. तो जाईना. "तुला हवं होतं ते झालं असतं तर मलाही आवडलं असतं," तो म्हणाला आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता गेला.

आईने माझा निळा ड्रेस इस्त्री केला. "कोणी बोलायला येत नाही म्हणे तिथे," ती स्वतःशीच म्हणाली. "असं कसं ऑफिस ते?"

२ मार्च, सोमवार

आम्ही जोडे घालत होतो. फोन वाजला. मी नेहमीप्रमाणे वहिनीकडे पाहिले. वहिनीने उचलला, ऐकला, आणि तो माझ्या कानालाच लावला.

कात्रीबाई. नमस्कार वगैरे काही नाही.

"जुनी पुस्तिका थांबवली. खोक्यांत आहेत त्यांत दुरुस्तीची चिठ्ठी जातेय. मालकांना मी स्वतः सांगितलं. त्यात आठवडा गेला, कारण मला आधी स्वतःला सांगावं लागलं. माझी चूक सोड्याची नाही. तो कोणाकडूनही पडला असता. माझी चूक ही की आठ वर्षं तो फोन दहा पावलांवर वाजत होता आणि मी एकदाही उचलला नाही. तुझं तसं व्हायला नको. लेखक म्हणून तुला घेतेय, पण पहिले तीन महिने सकाळची वेळ हेल्पलाइनवर. फोन तू घ्यायचे. दुपारी लिहायचं. जमेल?"

ज्या नोकरीत आवाज लागत नाही म्हणून मी अर्ज केला होता, तीच ही.

"ऐकतेयस ना?"

"सांगते," मी कसेबसे म्हणाले.

"आठवड्याभरात सांग," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दादाला सांगितले. "फोनवर? तू?" तो हसायला लागला, आणि मध्येच थांबला. एक जोडा घातलेला, एक हातात. "आज साहेबांना सांगतो की तुझं पोट दुखतंय. पण शास्त्रीबुवा, पोट एकदाच दुखतं. पुढच्या सोमवारी कुठल्या तरी एका ऑफिसात जायचं."

४ मार्च, बुधवार

वहिनी मधल्या खोलीतून फोन करते, मी स्वयंपाकघरातून उचलते. ती निरनिराळ्या काकू होते. आज एक काकू इतक्या भांडखोर निघाल्या की मी फोन ठेवून दिला. वहिनी आतून ओरडली, "ग्राहकाचा फोन ठेवतात का?"

हसता हसता मला घाम फुटला होता. यात हसू किती आणि घाम किती, सांगता येत नाही.

६ मार्च, शुक्रवार

दोन पर्याय. एका ठिकाणी कोणी बोलायला येणार नाही. दुसऱ्या ठिकाणी सगळेच येणार, तेही धाप लागलेले, चिडलेले, चमचा हातात घेऊन उभे असलेले. पहिल्याची मला भीती वाटत नाही. एवढ्यासाठीच त्याची वाटायला हवी.

अजून कळवलेले नाही.

९ मार्च, सोमवार

हेल्पलाइनच्या ताईने कानाला हेडफोन बसवून दिला आणि चहाला गेली. पहिलाच फोन. पलीकडे कोणी बोलेना. मी दोनदा "नमस्कार" म्हटले. नुसती शांतता, आणि कोणीतरी बोलायला तोंड उघडून पुन्हा मिटल्याचा आवाज. ताई परत आली, म्हणाली, "ठेव, असे येतात रोज, रिकामटेकडे."

मी ठेवला नाही. तो आवाज मला चांगला ओळखीचा आहे.

"सावकाश," मी म्हणाले. "मला काही घाई नाही. मी इथेच आहे."

बऱ्याच वेळाने एका मुलीचा अगदी बारीक आवाज आला – "पान चारवरचं एक वाक्य मला कळलं नाही."